शनिवारी नागोयात हात मळवा

चाकण, तळेगाव, भोसरीच्या कारखान्यांतून ट्रेनिंगसाठी जपानला जाणाऱ्यांच्या बॅगेत काय काय असतं हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. मेतकूट, लसणाची चटणी, गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, एखादा छोटा कुकर. (इलेक्ट्रिक शेगडी मात्र इथून नेऊ नका. जपानात वीज १०० व्होल्टची आहे, आपली शेगडी तिथे धड तापत नाही.) व्हिसा, तिकीट, राहण्याची सोय कंपनी बघते. सोमवार ते शुक्रवार कुठल्या लाईनवर उभं राहायचं तेही ठरलेलं असतं. शनिवार-रविवार तेवढे ज्याचे त्याने बघायचे, आणि ते फार ठरावीक पद्धतीने जातात. पहिला आठवडा झोप आणि धुणं, मग क्योतो, मग तोक्यो, मग फुजीसमोरचा फोटो. शिनकान्सेनचं भाडं भरताना भत्त्यातला बराचसा पैसा संपतो आणि हातात उरते ती मोबाईलमधली गर्दी.

माझं सांगणं एवढंच, की त्यातले निदान दोन-तीन शनिवार हाताने काहीतरी करण्यात घालवा, आणि तेही राहत्या जागेपासून तास-दीड तासाच्या आत. कारण तुम्हाला जिथे पाठवतात ती ठिकाणं या बाबतीत फार श्रीमंत आहेत. वाहन उद्योगातली आपली माणसं बहुतेक करून नागोयाच्या आसपास, म्हणजे आइची प्रांतात जातात, नाहीतर सुझुकी-यामाहाच्या हमामात्सुकडे. प्रवासी पुस्तकांत या भागाला चार ओळींत उरकतात. पण जपानातल्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी सेतो आणि तोकोनामे या दोन एकट्या आइचीत आहेत. बांधणीचं सगळ्यात नावाजलेलं गाव नागोया शहराच्या हद्दीत आहे. शेजारच्या गिफू प्रांतात हातकागदाचं मिनो आणि पात्यांचं सेकी. आणि यातल्या बहुतेक ठिकाणी परक्या माणसाला बसवून घेऊन, हातात माती किंवा दोरा देऊन शिकवतात. पाटीवर, माहितीपत्रकात किंवा वेबसाईटवर ‘तैकेन’ (体験) हा शब्द दिसला की समजायचं, इथे नुसतं बघायचं नाही, करायचंही आहे.

आधी माती, शेवटी कागद

चाकणच्या माणसाला लीड टाइम समजावून सांगायची गरज नाही, पण सुट्टीचा बेत करताना नेमका तोच विसरला जातो. मातीचं भांडं तुम्ही तासाभरात बनवाल. ते वाळणार, भाजलं जाणार, त्यावर झिलई चढणार, पुन्हा भाजलं जाणार. हातात यायला महिना-दोन महिने सहज लागतात. बऱ्याच कार्यशाळा भांडं जपानातल्या पत्त्यावर पाठवतात, परदेशात पाठवत नाहीत, किंवा पाठवलं तर टपालखर्च भांड्याच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे तीन महिन्यांचं ट्रेनिंग असेल तर मातीकाम पहिल्या-दुसऱ्या शनिवारीच उरका. बांधणीतही काही ठिकाणी तुम्ही फक्त दोरा बांधता, रंगवायचं काम नंतर तिथले कारागीर करतात आणि कापड टपालाने येतं. त्यासाठी डॉर्मचा पत्ता जपानी लिपीत, पिनकोडसकट, एका कागदावर लिहून घेऊन खिशात ठेवा. हातकागद आणि चहा ही कामं शेवटच्या आठवड्यांसाठी. कागद वाळवून बहुधा त्याच दिवशी हातात देतात, आणि चहा तर पिऊनच यायचा.

ट्रेनिंग दोन-तीन आठवड्यांचंच असेल तर मातीचा नाद सोडा आणि थेट आरिमात्सुला जा.

आरिमात्सु: ओळखीची गाठ

नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेने वीसेक मिनिटांवर आरिमात्सु स्टेशन लागतं. १६०८ साली तोक्यो-क्योतो महामार्गावर, म्हणजे जुन्या तोकाइदोवर, हे गाव वसवलं गेलं. शेतीला जमीन पुरेशी नव्हती, म्हणून लोकांनी सुती कापडाला गाठी मारून निळीत बुडवायला आणि वाटसरूंना विकायला सुरुवात केली. हिरोशिगे या चित्रकाराने तोकाइदोवरच्या मुक्कामांची जी प्रसिद्ध चित्रमाला काढली, त्यात नारुमीच्या चित्रात याच गावची कापडाची दुकानं दिसतात. जुना रस्ता आणि त्यावरचे व्यापाऱ्यांचे लाकडी वाडे आजही जागच्या जागी आहेत.

काम बघितल्यावर आपल्या घरातल्या बाईमाणसाला पहिल्या मिनिटात कळेल की ही बांधणी आहे. कापडाची चिमूट वर ओढायची, तिच्याभोवती दोऱ्याचे वेढे द्यायचे, आवळायचं, पुढची चिमूट. जिथे दोरा बसला तिथे रंग शिरत नाही. फरक आहे तो अवजारात आणि वाटणीत. आरिमात्सुत लाकडी स्टँडच्या आकड्याला कापड अडकवून ताणून धरतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि वेढा दर वेळी सारख्याच ताणाने बसतो. एका हाताने कापड धरून दुसऱ्याने बांधायचा प्रयत्न करा, तो आकडा कशाला आहे ते लगेच कळेल. आपण शॉपफ्लोअरवर ज्याला फिक्श्चर म्हणतो, तेच हे. बांधायचे प्रकार शंभराच्या घरात, आणि पूर्वापार रीत अशी की एका माणसाने एकच प्रकार आयुष्यभर करायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखा ‘कुमो’ करणारी बाई ठिपक्यांचा ‘कानोको’ करणार नाही. एकाच कापडावर वेगवेगळे प्रकार असतील तर ते हातोहात फिरत जातं.

नवशिक्याला रुमाल देतात. मोह होतो तो सगळा रुमाल गाठींनी भरून टाकायचा. तसं करू नका. पाच-सहा गाठी नीट, घट्ट, मध्ये मोकळी जागा सोडून बांधा. सैल वेढ्यातून रंग आत झिरपतो आणि पांढऱ्या वर्तुळाऐवजी निळसर डाग उरतो. गाठ सोडवताना दोरा ओढायचा नसतो, कापड दोन बाजूंनी झटक्यात ताणायचं असतं, म्हणजे वेढे टपाटप सुटतात. प्रत्यक्ष निळीत हात घालायची कार्यशाळा घेतलीत तर हातमोजे नीट तपासा. नीळ नखांत शिरली की काही दिवस निघत नाही, आणि सोमवारी लाईनवर सगळे विचारतात.

जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी गावात बांधणीचा उत्सव असतो. तेव्हा कारागीर रस्त्यावर बसून काम करतात, दुकानांत कापड स्वस्त मिळतं, पण गर्दीही तशीच. निवांत शिकायचं असेल तर एरवी जा.

तोकोनामे: विमानतळाच्या वाटेवर

नागोयाचा चुबु विमानतळ तोकोनामे शहराच्याच हद्दीत, समुद्रात भर घालून बांधलेला आहे. म्हणजे इथे उतरणाऱ्या प्रत्येकाने हे गाव खिडकीतून पाहिलेलं असतं आणि गाडी न थांबवता पुढे गेलेला असतो. लोहाचा अंश असलेल्या लाल मातीच्या किटल्या ही इथली खासियत. एके काळी मात्र हे गाव कारखान्यांचंच होतं. भाजलेल्या मातीचे गटाराचे पाइप, फरशा, कौलं इथून देशभर जात. स्टेशनजवळून ‘कुंभारांची पायवाट’ सुरू होते. तिच्यावर एका चढाची भिंत जुन्या मातीच्या पाइपांनी आणि दारूच्या मातीच्या बाटल्यांनी रचलेली आहे. पुढे १८८७ ची चढती भट्टी लागते. टेकडीच्या उतारावर आठ खोल्या एकामागून एक, वर दहा धुराडी. १९७४ पर्यंत ती पेटत होती. आपल्याकडचा कुंभाराचा आवा पाहिलेला असेल तर इथे खालच्या खोलीची उष्णता वरच्या खोलीला कशी वापरून घेतली आहे, ते उभं राहून बघण्यासारखं आहे.

चाकावर बसायचं असेल तर या वाटेवर अनेक छोट्या कार्यशाळा आहेत. पण माझी शिफारस वेगळी आहे. इनॅक्स या फरशा आणि सॅनिटरी वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा जन्म याच गावातला, १९२४ चा, आणि तिच्या इथल्या संग्रहालयात चिखलाचा चकाकणारा गोळा बनवायला शिकवतात. त्याला ‘दोरोदांगो’ म्हणतात. जपानी मुलं शाळेच्या मैदानात हा खेळ खेळत आली आहेत. मातीचा गोळा घ्यायचा, त्यावर बारीक रंगीत मातीचा थर द्यायचा, आणि बाटलीच्या तोंडाने गोलगोल घासत राहायचं. किती जोर लावायचा, थर किती ओला असताना घासायचं, एवढंच कौशल्य. जोर जास्त झाला तर थर उकलतो, कमी झाला तर चमक येत नाही. ना भट्टी, ना झिलई, तरी शेवटी गोळा काचेसारखा चकाकतो. मुलं बरोबर असतील तर हे पहिलं. नसतील तरी पहिलंच. शिवाय गोळा त्याच दिवशी मिळतो, म्हणजे लीड टाइमचा प्रश्नच उरत नाही.

किटली विकत घ्यायची असेल तर तिचं झाकण हळूच फिरवून बघा. चांगल्या कारागिराचं झाकण कुठेही न अडकता, न खडखडता फिरतं. फिट आणि क्लिअरन्स तुम्हाला आम्ही काय सांगणार!

मिनोचा कागद आणि आपलं जुन्नर

मिनो आणि सेकी एकाच छोट्या रेल्वेमार्गावर आहेत, नागारागावा रेल्वे त्याचं नाव. गाड्या थोड्या आहेत, वेळापत्रक आधी बघा. एक चुकली तर स्टेशनवर बराच वेळ बसावं लागतं. कागदाचं संग्रहालय गावापासून आणखी पुढे, बसने जायच्या अंतरावर आहे.

२०१४ साली युनेस्कोने जपानी हातकागदाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात मिनोचा ‘होनमिनोशी’ आहे. तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाची साल, ती वाफवून, सोलून, शिजवून, मग पाण्यात बसून एकेक काळा ठिपका हाताने वेचून काढायचा. शंभर टक्के तपासणी, तीही थंडगार पाण्यात. त्यानंतर कुटून लगदा. आता यात एक गंमत. लगद्याच्या पाण्यात भेंडीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. हा डिंक नव्हे. त्याने पाणी दाट होतं, तंतू तळाशी न बसता तरंगत राहतात, आणि चौकटीतून पाणी सावकाश गळतं. त्यामुळे कारागिराला चौकट मागेपुढे, डावीउजवीकडे हलवून तंतू एकमेकांत गुंतवायला वेळ मिळतो. तुम्ही चौकट हातात घ्याल तेव्हा पहिली चूक अशी होईल की घाईने एकदम वर उचलाल, आणि कागद एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात विरळ येईल. मनगट सैल ठेवा, पाणी चौकटीवरून लाटेसारखं जाऊ द्या, मग कागद एकसारखा येतो. उजेडासमोर धरला की हात कुठे थांबला होता ते दिसतं.

जायच्या आधी एक काम इथेच करून टाका. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावला डावीकडे वळलं की जुन्नर. जुन्नरचा कागद एके काळी मराठी दप्तरांत जायचा, तिथले कागदी कारागीर प्रसिद्ध होते. तो धंदा आता संपलेला आहे, पण पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. तिथला लगदा आणि चौकट बघून गेलात तर मिनोत भाषा न समजताही काय चाललंय ते समजेल. आपल्याकडे चिंध्यांचा लगदा, तिथे सालीचा. प्रश्न विचारायला तेवढा फरक पुरेसा आहे.

सेकीत पाती घडवताना बघता येतं, काही ठिकाणी स्वतः सुरीला धार लावून बघता येते. सुरी घेतलीत तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमानात ती चेक-इन बॅगेतच जाईल. आणि जपानात सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. दुकानातून घेताना पेटी बंद करून घ्या, पावती आत ठेवा, आणि ती घेऊन थेट खोलीवर जा, भटकायला नको.

टोयोटाचं मागमंदिर

हातकामाच्या यादीत टोयोटा कुठून आलं असं वाटेल. नागोया स्टेशनपासून पहिल्याच स्टेशनवर, साको इथे, टोयोटाच्या जुन्या माग कारखान्याच्या जागी १९९४ पासून त्यांचं औद्योगिक संग्रहालय आहे. अर्धं संग्रहालय सूतकताई आणि मागांचं. कर्मचारी माग चालवून दाखवतात. साकिची टोयोडांनी १९२४ साली पूर्ण केलेल्या मागाचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ज्याने चाकणला कधी लाईन थांबवायची आंदोनची दोरी ओढली असेल त्याने हा माग थांबताना बघायला हवा. मोटारींचा भाग नंतर बघा, तो तुम्हाला रोज दिसतोच.

चहा, मांडी आणि शाकाहार

चहाचा समारंभ नागोयात कुठेही सापडेल. शेजारचं निशिओ तर माच्चाच्या उत्पादनासाठीच ओळखलं जातं. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा, वाडग्याला ओरखडा जाऊ नये म्हणून. आधी मिठाई खायची, मग चहा. वाडगा उचलून त्याचा दर्शनी भाग आपल्यापासून वळवायचा आणि मग प्यायचा. गुडघे मुडपून बसण्याची सवय नसली की दहा मिनिटांत पाय मुंग्यांनी भरतात. यजमानीण ‘दोझो ओराकु नि’ म्हणाली की पुरुषांनी मांडी घातली तरी चालते. गुडघ्याचं दुखणं असेल तर बुकिंगच्या वेळीच खुर्ची मागा. मोजे स्वच्छ आणि बिनभोकाचे हवेत, हे वेगळं सांगायला नको.

शाकाहाऱ्यांसाठी पारंपरिक मिठाई सोयीची आहे. वाल-चवळीसारख्या कडधान्यांचं गोड सारण, तांदळाचं पीठ, साखर, आणि घट्टपणासाठी समुद्री शेवाळाचा अगर. नव्या धर्तीच्या मिठाईत जिलेटिन असू शकतं, तेवढं विचारा. सोबा शेवया लाटायची कार्यशाळा मात्र जपून. शेवया शाकाहारी, पण ज्या रश्शात बुडवून खायच्या त्यात जवळजवळ नेहमी सुक्या माशाचा अर्क असतो. बुक करतानाच ‘कात्सुओ नाशि’ करता येईल का विचारा, नाहीतर आपली पुडी बरोबर ठेवा.

बुकिंग, पैसा, दिवस

छोट्या कार्यशाळांचं बुकिंग अजूनही फोनवर आणि जपानीत होतं. पुणे परिसरातून जाणाऱ्या बऱ्याच जणांनी जपानी भाषेची एन-५ किंवा एन-४ परीक्षा दिलेली असते. वाचता येतं, पण फोनवर धीर होत नाही. मग ट्रेनरला किंवा डॉर्मच्या व्यवस्थापकाला विनंती करा, पण त्यांच्या हातात सगळा तपशील एका कागदावर द्या: तारीख, वेळ, किती जण, इंग्रजी चालेल की नाही, शाकाहारी आहात का. जपानी माणसाला अर्धवट माहितीवर फोन करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी दारात उभे राहा. येणार नसाल तर आदल्या दिवशीच कळवा. त्या दिवशी रद्द केलं तर पैसे द्यावे लागतात, आणि जागा वाया गेल्याचं दुःख पैशांपेक्षा मोठं असतं.

रुमाल बांधणीसारखी कामं हजार-दोन हजार येनमध्ये होतात, चाकावरच्या मातीकामाला त्याहून जास्त पडतात. सुरी घडवायच्या कार्यशाळा महाग असतात. रोख पैसे बरोबर ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. टीप द्यायची नसते.

नागोयाच्या आसपासच्या वाहन कंपन्यांचं कॅलेंडर वेगळं आहे. सरकारी सुट्टीला बहुधा काम असतं, आणि त्याबदल्यात मे महिन्याच्या सुरुवातीला, ऑगस्टच्या मध्यावर आणि नववर्षाला लांब सुट्ट्या मिळतात. त्याच दिवसांत सगळा जपान फिरत असतो आणि छोट्या कार्यशाळा बंद असतात. हे दिवस झोपेसाठी ठेवा. साधे शनिवार उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये आइचीत मुंबईसारखा घाम येतो, तेव्हा भट्टीपेक्षा कागद बरा.

हमामात्सुकडे जाणार असाल तर शिझुओकाजवळच्या मारिको इथे एकाच आवारात बांबूकाम, रंगकाम, मातीकाम शिकवणारी सोय आहे, आणि एप्रिलअखेर-मेमध्ये चहाची पहिली तोडणी. ओकायामाकडे गेलात तर बिझेनला जाच. तिथली भांडी झिलईशिवाय, पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस भाजतात. ओकायामा पुणेकरांना परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे.

भाड्याने किमोनो घालून फोटो काढायला माझी ना नाही. पण त्यात तुमच्या हाताला काही येत नाही, एवढं मात्र खरं.

ट्रेनर चाकणला आल्यावर

तुमचा जपानी ट्रेनर सहा महिन्यांनी परतभेटीला चाकणला येतो. आपण त्याला मॉल किंवा पंचतारांकित हॉटेलात नेतो. त्यापेक्षा पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीला न्या. तांब्याच्या हंड्याला हातोडीने ठोके देत मठारकाम चाललेलं असतं, प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून. आधी एकट्याने जाऊन कारागिराला विचारून घ्या, दोन-तीनच माणसं न्या, आणि पाहुण्याला हातोडी हातात घेऊन दोन ठोके मारू देणार का तेही तेव्हाच ठरवा. ठोक्यांच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही. तेव्हा दुभाषा गल्लीच्या तोंडाशीच सगळं समजावून सांगू दे, आणि आत गेल्यावर गप्प राहू दे.